दोनदा लढाई

हेल्लाव्हिक
२० ऑक्टोबर १९५७

हाल्बेराआत्या,

फोनच केला असता, पण आमच्या लाईनवर बोलणं म्हणजे चर्चच्या पायरीवर उभं राहून बोलणं. घंटी कुणाचीही वाजो, खाडीकाठच्या सगळ्या घरांत रिसीव्हर उचलले जातात. परवा कोल्बेनला बंदरावर फोन करून म्हटलं, माझे पाय सुजलेत, तर दुसऱ्या दिवशी तीन घरांतून मलम आलं. मलम चांगलं होतं, ते सोड. पण आजची गोष्ट चव्हाट्यावर नको. पत्रसुद्धा ओद्नीच्याच हातून जातं, टेलिफोन आणि पोस्ट दोन्ही तिच्याकडेच आहे. पण ती पाकिटावरचं वाचते, आतलं नाही, असं म्हणतात.

बाळ फेब्रुवारीत येईल. मुलगा झाला तर केतिल, माझ्या बाबांचं नाव, त्यावर कुणाची तक्रार नाही. घोडं अडलंय ते मुलीपाशी. सासूबाईंना स्वप्न पडलं. त्यांची मेलेली आई, इंगवेल्दुर, ओली शाल घेऊन दारात उभी होती आणि म्हणाली, "स्टेनुनच्या खोलीत मला निजायला जागा दे." झालं. मेलेलं माणूस नाव मागायला आलं, आता नाही म्हणायची कुणाची छाती आहे? सासूबाई तेव्हापासून असं बघतात जणू माझ्या पोटात त्यांची आईच बसली आहे.

मला स्वप्न पडलेलं नाही. मी जागेपणी ठरवलंय. मुलगी झाली तर ती गुनहिल्दुर. आजीचं नाव.

हे इथे लिहिलं, तोंडातून काढलेलं नाही. बाप्तिस्म्याआधी नाव उच्चारायचं नाही, एवढा रिवाज मीही पाळते. पण बाळाला जी धरते तीच पाद्र्यांना नाव सांगते, आणि सासूबाई म्हणतात, "धरणार मीच." म्हणून तू ये. तू बाळाला धर आणि तुझ्या आईचं नाव खणखणीत सांग. आजोबा बुडाले आणि निराधारांच्या कायद्याप्रमाणे गावचा कारभारी तिची पोरं घरोघर वाटून टाकायला आला, तेव्हा आजी होडीतला लोखंडी आकडा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि एकही पोर जाऊ दिलं नाही. ही गोष्ट मी बाबांच्या मांडीवर ऐकलीय. तो कारभारी सासूबाईंचाच बाप होता, म्हणून त्यांच्या घरात पन्नास वर्षं ते नाव कुणी घेतलेलं नाही. मला ते ह्याच घरात घ्यायचंय.

येशील ना?

तुझी स्टेनुन


रेक्याविक
८ नोव्हेंबर

स्टेनुन,

पाय उशीवर उंच ठेवून नीज, मलमाने काही होत नाही. सोबत करडी लोकर पाठवली आहे. इथे इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि बाहेर पडलं की वारा कापतो, त्यामुळे गुडघे गेलेत. बोटीचा प्रवास मला झेपणार नाही.

नावाचं म्हणशील तर इंगवेल्दुर हे नाव काही वाईट नाही. कानाला बरं वाटतं. तुला त्या घरात जन्म काढायचाय. तुझा कोल्बेन वर्षातले निम्मे दिवस समुद्रावर, आणि चुलीपाशी तू नि सालगेर्दुर, दोघीच. सासूशी हौसेने वैर घेणारी मी पाहिली नाही, निदान सुखी झालेली पाहिली नाही.

आपलं ते नाव आईबरोबर मातीत गेलं. तिथेच राहू दे.

लोकर आधी भिजव, मग विण. आटते.

हाल्बेरा


हेल्लाव्हिक
२९ डिसेंबर १९५७

आत्या,

लोकरीबद्दल आभार. बाकीच्याबद्दल नाही.

तुझे गुडघे मला ठाऊक आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याच गुडघ्यांनी तू आमच्या मागच्या डोंगरावर रानफळं वेचायला चढली होतीस आणि मी धापा टाकत मागे होते. काय झालंय ते सरळ सांग. शहरात राहून तूही कारभाऱ्याच्या लेकीला भ्यायला लागलीस का?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवा कॉफीला आले. सासूबाईंनी गोड, पिळाच्या क्लेनुर तळल्या होत्या, धुरवलेलं मटण होतं, सगळं गोडीत चाललं होतं. मधेच त्या पाद्र्यांना म्हणाल्या, "हिच्या मनात कुठलं नाव आहे ते मला कळतं. मी ते घेणार नाही. पण तुम्ही शिकलेले आहात, त्याचा अर्थ तेवढा हिला सांगा."

माझ्या आजीचं नाव पाद्र्यांना ठाऊकच होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांगा.

"गुन म्हणजे लढाई," ते म्हणाले.

"आणि हिल्दुर?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तेही लढाईच. फार जुनं नाव आहे. रणात पडलेले वीर वेचून न्यायला ज्या बाया घोड्यावरून येत असं आपले पूर्वज मानत, त्यांतल्या दोघींची ही नावं. दोन्ही जोडून एक केलंय."

"ऐकलंस?" सासूबाई मला म्हणाल्या. "पुढूनही लढाई, मागूनही लढाई. मधे पोरीने जेवायचं कधी?"

कोल्बेन हसला. मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. मग मी पाद्र्यांना विचारलं, "आणि इंगवेल्दुर म्हणजे काय हो?" त्यांनी कॉफीचा घोट घेतला, मग साखरेचा खडा चघळत बसले. शेवटी म्हणाले, "इंग हा जुना देव. आणि पुढचं ते मूळचं हिल्दुरच असावं असं जाणकार मानतात. बोलून बोलून झिजलंय."

"म्हणजे सासूबाई, तुमच्या आईच्या नावातही अर्धी लढाई आहे," मी म्हटलं. त्यांनी माझ्यापुढची बशी उचलून नेली. अजून दोन क्लेनुर होत्या तिच्यात.

नंतर भांडी घासताना शेजारची थोरा कानाशी लागली: तूही एक स्वप्न सांग की. आजी आली म्हणावं, आकडा घेऊन. मग दोघी मेलेल्या बाया आपसांत बघून घेतील. मला हसू आलं, पण मी ते करणार नाही. आजी मेल्यावर सोळा वर्षं कुणाच्या स्वप्नात नाव मागायला आली नाही, कारण जिवंतपणीही तिने कुणाकडे काही मागितलं नाही. मी हे नाव कुणाच्या सांगण्यावरून ठेवत नाही. मी ठेवते म्हणून ठेवते.

तू ये किंवा नको येऊस. पण गुडघ्यांवर ढकलू नकोस.

स्टेनुन


रेक्याविक
१५ जानेवारी १९५८

स्टेनुन,

मोजे आणि टोपरं पाठवलंय. भांडू नकोस. आईच्या डोक्यात राग असला की दूध उतरत नाही.

हाल्बेरा


हेल्लाव्हिक
२ मार्च १९५८

आत्या,

मुलगी झाली. १९ तारखेला, बाहेर बर्फ खिडकीच्या वरपर्यंत, सुईण घसरगाडीवरून आली आणि आल्या आल्या कॉफी मागितली. पोरगी तांबडी, टकली आणि आवाजाची. दूध भरपूर उतरलंय, रागासकट.

सासूबाईंनी माझं सगळं केलं, खोटं कशाला बोलू. रात्रंदिवस उठल्या, पाणी तापवलं, माझे केस विंचरले. पण पोरीला त्या इंगा म्हणायला लागल्या आहेत. बाप्तिस्म्याआधी. ज्या बाईने आयुष्यात मिठाचा कण सांडला तरी खांद्यावरून मागे टाकला, तिने हा रिवाज मोडावा. मी म्हटलं, "तिला अजून नाव नाही." त्या म्हणाल्या, "तिला नाव आहे, तुला मान्य नाही एवढंच." मग आम्ही दोघी तिला घट्ट धरून बसलो, एकीने डोकं, एकीने पाय. कोल्बेन घरी होता, तो म्हणाला, "मला वाटतं मासेमारी लवकर सुरू होणार यंदा," आणि बोट बघायला गेला. त्या बोटीला बघण्यासारखं काही नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. काल माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या बापाला माझ्या आजीने दारातून परत पाठवलं, तेच तुम्हाला डाचतंय." सासूबाई विणत होत्या. सुई थांबली नाही. नुसतं म्हणाल्या, "परत पाठवलं? तुझ्या आत्याला विचार, त्या हिवाळ्यात ती कुणाच्या पलंगावर निजली होती."

आत्या, हे काय आहे? तू कधी त्या घरात निजलीस? आजीने तर एकही पोर जाऊ दिलं नव्हतं.

स्टेनुन


रेक्याविक
१४ मार्च

स्टेनुन,

तर मग ऐक. मी हे तुझ्या बापालाही कधी बोलून दाखवलं नाही. तो होता सहा वर्षांचा, त्याने दार पाहिलं आणि जन्मभर दारच सांगितलं. मी आठची होते. दारात नव्हते.

कारभारी दोन गडी घेऊन आला. आई आकडा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. केतिल तिच्या घागऱ्यामागे आणि इसलेफ, आमचा धाकटा, आत पाळण्यात. त्याचं नाव तू ऐकलं नसशील. मी ओढ्यावर पाणी आणायला गेले होते. कारभाऱ्याने आईशी दोन शब्द बोलून पाठ फिरवली, आणि परत जाताना ओढ्यावरून मला उचललं. बादलीसकट. आईला वाटलं आपण जिंकलो. मी घरी आले नाही तेव्हा तिला कळलं.

त्यांच्या घरी मला सालगेर्दुरच्या पलंगावर निजवलं. तिचं डोकं त्या टोकाला, माझं या टोकाला, पाय मधे. ती माझ्याहून वर्षाने लहान. तिचे पाय गरम होते. इंगवेल्दुरने मला दूध दिलं, साय न काढलेलं, आणि घट्ट दह्याचं स्कीर, आणि लोणी लावलेला सुका मासा. पोट भरणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मला मारलं नाही, राबवलं नाही. लोकांना आवडेल अशी गोष्ट नाही ही.

तिसऱ्या दिवशी आई माळ ओलांडून आली, भर वादळात. इंगवेल्दुरने दार उघडलं. कारभारी आतून ओरडला, "उघडू नकोस." तिने उघडलं, बाजूला झाली, आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. तू अर्धी लढाई म्हटलंस ना, ती हीच. कारभारी आईला म्हणाला, "पोरीला नेलंस तर या गावात तुला घासभर मिळणार नाही." आई म्हणाली, "मागितलंय कुणी?" मला पाठीवर घेतलं आणि निघाली.

मी वाटभर रडत होते. लोक म्हणतील, आनंदाने. मला परत जायचं होतं. तिथे दूध होतं.

आणि कारभाऱ्याने शब्द पाळला. कुणी काम दिलं नाही, कुणी मासे दिले नाहीत, आमची एकुलती एक गाय आटलेली. इसलेफ दोन वर्षांचा नव्हता झाला. बर्फ वितळायच्या आत गेला. जमीन गोठलेली म्हणून त्याला चर्चच्या पडवीत ठेवावं लागलं, मऊ होईपर्यंत.

दोनदा लढाई म्हणतात ते खरं आहे. पहिली दारातली. ती सगळ्यांना पाठ आहे. दुसरी त्याच हिवाळ्यातली, ती आई हरली, आणि ती कुणी सांगत नाही. त्याला जाऊ दिलं असतं तर त्याला दूध मिळालं असतं. मला हे पन्नास वर्षं कळतंय.

मी आईला माफ केलेलं नाही. आणि तिच्याविरुद्ध कुणाचा एक शब्द ऐकूनही घेत नाही, सालगेर्दुरचाही नाही. दोन्ही एकदम जमतं, तुलाही कळेल वय झालं की.

म्हणून मी येत नाही. ते नाव कुणी हाक मारून घेतलं की मला तो पाळणा दिसेल. आता तू काय ते ठरव. पण नुसतं दार बघून ठरवू नकोस.

हाल्बेरा


हेल्लाव्हिक
३० मार्च १९५८

आत्या,

तुझं पत्र मी आठवडाभर एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. पोरगी दूध प्यायला लागली की इसलेफ आठवतो. तू मला त्याचं नाव दिलंस, ते मी टाकणार नाही. पुढे मुलगा झाला तर केतिलला थांबावं लागेल.

शेवटी मी सासूबाईंना विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची सुई थांबली. म्हणाल्या, "तिचे पाय बर्फासारखे होते. मी पहिल्या रात्री आईला सांगितलं, मला नको ही पोर पलंगावर. आणि ती गेल्यावर मला झोप येईना, पायाशी गार वाटायचं." मग म्हणाल्या, "माझा बाप कायद्याने वागला." मी पोरीला खांद्यावर घेतलं. मग त्याच म्हणाल्या, "त्या हिवाळ्यात आमच्या गोठ्यात सात गाई होत्या." आणि उठून आत गेल्या.

आता माझं ऐक, आणि रागावलीस तर रागाव. इसलेफ आजीच्या हट्टाने गेला असं तू म्हणतेस. मी म्हणते, नाही. सात गाईंच्या गावात एक पोर दुधावाचून मेलं, कारण त्याच्या आईला धडा शिकवायचा होता. तो हिशेब आजीच्या नावावर कोण मांडून गेलं? ज्यांनी दूध धरून ठेवलं त्यांनीच ना? आणि तू तो पन्नास वर्षं वाहतेस. ती लढाई आजी हरली असेल, पण मांडली तिने नाही. पोरं आपल्या घरी ठेवायची, एवढंच तिचं मागणं होतं, आणि तेही तिने मागितलं नाही, धरून ठेवलं.

आधी मला हे नाव हवं होतं कारण गोष्ट ऐटीची होती. आता ऐट राहिली नाही, पण नाव जास्तच हवंय. सगळ्या अर्थासकट, पाळण्यासकट. जिला हे नाव मिळेल तिला दोन्ही लढाया सांगेन, एकही गाळणार नाही.

बाप्तिस्मा उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी आहे. पोरीला मीच धरणार. सासूबाईंना तसं सांगितलं. आईने धरायचं नसतं, गाव नावं ठेवेल, म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवू दे, गावाला आमच्या घराण्याला नावं ठेवायची सवय आहे.

तू नाही आलीस तरी चालेल. आता मला कळलं.

स्टेनुन


हेल्लाव्हिक
२५ एप्रिल १९५८

आत्या,

काल उन्हाळ्याचा पहिला दिवस, म्हणजे अर्थातच हिमवादळ. तरी चर्च भरलं होतं. ओद्नीने तासभर टेलिफोन बंद ठेवला, सगळे ग्राहक चर्चमध्येच होते.

मी पोरीला घेऊन पुढे गेले. सासूबाई पहिल्या बाकावर, त्यांच्या आईची चांदीची पिन लावून, ताठ. कोल्बेन माझ्या शेजारी उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून उभा राहिला, मान खाली घालून, पण उभा राहिला. पाद्र्यांनी विचारलं, "बाळाचं नाव काय?"

 एवढे महिने भांडले आणि ऐन वेळी पोरीच्या टोपऱ्याची नाडी सोडत राहिले. मग मला तो माळ आठवला, तू पाठीवर रडत होतीस तो. आणि मी म्हटलं, "गुनहिल्दुर."

चर्चमध्ये बाक करकरायचा थांबला. पाद्र्यांनी हात पाण्यात घातला होता, तो तसाच राहिला. तेवढ्यात मागून थोर्लाकचा आवाज आला. सासूबाईंचा चुलता, नव्वदीचा, ठार बहिरा, आणि बहिऱ्यांना वाटतं आपण कुजबुजतो. "काय म्हणाली ती?" तो गरजला. "आपली इंगवेल्दुर ना?"

 माझ्या मागे कापड सळसळलं. सासूबाई उठून मागे वळल्या होत्या. सगळ्या गावाकडे तोंड करून, ज्या आवाजाने त्या मेंढ्यांना डोंगरावरून हाका मारतात त्या आवाजात म्हणाल्या:

"गुनहिल्दुर. गुनहिल्दुर म्हणाली ती. माझी नात आहे. कुणाला आणखी ऐकायचं राहिलंय?"

कुणाचंच राहिलं नव्हतं. त्या बसल्या, पिन सरळ केली. पाद्र्यांनी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं आणि ती अशी बोंबलली की थोर्लाकने मान डोलावली, ते त्याला ऐकू आलं.

घरी कॉफीच्या वेळी मी त्यांना विचारलं, "आणि तुमच्या आईचं काय? स्वप्नातलं?" त्या केक कापत होत्या. म्हणाल्या, "तिला सांगेन, जरा थांब म्हणून. दार उघडून बाजूला उभं राहायची तिला सवय आहे." मग सगळ्यात मोठा तुकडा माझ्या बशीत टाकला.

रात्री पोरीला त्यांच्या पलंगावर निजवायला त्यांनी मागून घेतलं. मी दिलं. सकाळी पाहिलं तर पोरीचे पाय त्यांच्या हातात होते.

त्यांनी तुला निरोप सांगितलाय. शब्दाला शब्द लिहिते: "हाल्बेराला सांग, तिची बादली अजून आमच्याकडे आहे. न्यायला ये म्हणावं."

स्टेनुन


रेक्याविक
६ मे १९५८

स्टेनुन,

जूनच्या पहिल्या बोटीने येते. गुडघ्यांचं मी बघते. सालगेर्दुरला सांग, बादलीत ओढ्याचं पाणी भरलेलं होतं, मी रिकामी घेणार नाही.

हे पत्र तुला लिहिलंय, पण पाकिटावर तुझं नाव नाही हे तू पाहिलंच असशील. आई गेल्यापासून मी ते नाव कागदावर लिहिलं नव्हतं, जिभेवरही आणलं नव्हतं. काल टेबलाशी बसले आणि पाकिटावर लिहिलं. अक्षर बारीक आलं म्हणून ते पाकीट फाडलं आणि दुसऱ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, जाड निबाने, बापाच्या नावासकट. गुनहिल्दुर कोल्बेन्सदोत्तिर, हेल्लाव्हिक.

ओद्नीला वाचता यायला हवं.

हाल्बेराआत्या